व्याह्यांचं आळं

आमच्या सासरी दारूची बाटली कुणी हातात धरलेली नाही. घर महानुभाव, संत्र्याची बाग रिद्धपूरच्या रस्त्याला, आणि आमचे हे तर इतके कडक की खोकल्याच्या औषधावरचं बारीक अक्षरसुद्धा चष्मा लावून वाचतात. त्यात अल्कोहोल सापडलं की बाटली दुकानदाराला परत करतात आणि मग पंधरा दिवस खोकत बसतात. मी अकोल्याची. माहेरी असे काही नेम नव्हते. अकोल्याच्या माणसाला उन्हाळ्यातून जिवंत बाहेर पडणं हेच एक व्रत पुरतं. पण सासरचं ते आपलं, म्हणून मीही सगळं पाळत आले.

अशा घरातली आमची एकुलती एक लेक. अकोल्याला शेतीचं शिकली, पुढच्या शिक्षणाला इटलीला गेली, आणि एक दिवस फोन करून म्हणाली की तिला मुलगा आवडलाय. मुलगा शेतकऱ्याचा आहे, घरची डोंगरउताराची जमीन आहे. फोन स्पीकरवर होता. शेतकरी म्हटल्यावर यांचा चेहरा जरा सैलावला.

"काय पिकवतेत?" यांनी विचारलं.

"द्राक्षं आहेत, बाबा."

"असं! मंग बेदाना करतेत का बजारात नेतेत?"

"वाइन करतात. चार पिढ्यांपासून."

यांनी फोन माझ्या हातात दिला, पायात चपला सरकवल्या आणि बागेकडे निघाले. दारातून वळून एवढंच म्हणाले, "दारू गाळनाऱ्याच्या घरी पोरगी द्याची काय मले? तिले सांग, बाप मेला म्हना."

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला, पण आमच्या घरातला अबोलाही ओरडून चालतो. लेकीचा फोन आला की हे शेजारी येऊन बसायचे आणि माझ्याकडे बघत म्हणायचे, "तिले विचार, जेवली काय." तिकडून ती म्हणायची, "आई, बाबांना सांग, जेवले." मी मध्ये बसून दोन्ही निरोप पोचवायची, तेही स्पीकरवर. शेवटी तीच म्हणाली, "आई, बाबांना सांग, एकदा येऊन बघा. बघूनही नाही म्हणाले तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाचाही काढायचा नाही. जन्मभर."

मला घाम फुटला. लेक बापावर गेली आहे. बोलली म्हणजे करणार. हे मात्र लगेच तयार झाले. मला नवल वाटलं, तर म्हणाले, "फोनवर नाई म्हटलं तं त्यात काय मजा हाय? तिकडं जाऊन तोंडावर म्हनतो."

म्हणजे आम्ही नकार द्यायला इटलीला गेलो. सोबत ज्वारीचं पीठ, ठेचा, जवसाची चटणी आणि यांचा पाण्याचा तांब्या. तिकडच्या विमानतळावरच्या माणसानं तांब्या उलटा करून पाहिला, तेव्हा यांनी त्याला मराठीत सांगितलं, "पाहा, पाहा. तुमच्या गावासारखं काई नाई त्यात."

मुलाचं गाव उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याच्या टेकड्यांत. जिकडे बघावं तिकडे द्राक्षाच्या वेली, टेकडीच्या माथ्यापासून थेट लोकांच्या दारापर्यंत. मुलगा गोड होता. त्यानं आम्हाला वाकून नमस्कार केला. त्याच्या वडिलांना मी पहिल्याच दिवशी मनात 'तिकडचे पाटील' असं नाव देऊन टाकलं. नाक मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि अंगठ्यांची नखं आमच्या यांच्यासारखीच चिरलेली. यांनी रिवाजाप्रमाणे हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हटलं. पाटलांनीही हात जोडले आणि म्हणाले, "दंडवत." तेवढा एक शब्द त्यांना फार आवडला. नंतर सकाळ-संध्याकाळ, जिना चढताना, मीठ मागताना, ते यांना दंडवत घालू लागले.

पण पाटीलही काही खुशीत नव्हते. त्यांनी मुलाला विचारलं होतं म्हणे, की लग्नाच्या पंगतीत मुलीचा बाप ग्लास कशाचा उचलणार? पाण्याचा? पाण्यात तर बेडकं राहतात. लेकीनं हे मला हळूच सांगितलं, मी यांना सांगितलं नाही. एक नकार सोबत घेऊन आलो होतो, दुसरा इथे तयार होता.

संध्याकाळी पाटलांनी आम्हाला मानानं तळघर दाखवायला नेलं. मोठमोठी लाकडी पिंपं, गार अंधार आणि आंबल्याचा वास. हे दारातच थांबले. उपरणं नाकाला लावलं आणि तिथूनच म्हणाले, "चांगलं हाय. बंद करा." लेकीनं याचं भाषांतर केलं नाही, पण उपरण्याचं भाषांतर लागत नाही. पाटलांनी दिवा मालवला आणि आमच्या आधी चालू पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गंमत झाली. सगळे वेलींमधून फिरत होतो. हे खाली बघत चालले होते. शेतकरी कुठेही गेला तरी आधी पायाखाली बघतो. बघता बघता थांबले.

"नळ्या कुठं हायेत?"

"कसल्या?" लेक म्हणाली.

"ठिबकच्या. पानी कसं देतेत?"

लेकीनं सांगितलं, की देतच नाहीत. या भागातल्या या वाइनसाठी वेलीला पाणी घालायला नियमानंच मनाई आहे, फारच दुष्काळ पडला तर गोष्ट वेगळी. वेलीनं मुळं खोल घालून स्वतःच पाणी शोधायचं. थोडा त्रास झाला की द्राक्ष लहान राहतं, पण त्यात गोडी आणि चव भरते.

यांचे डोळे चमकले. "म्हंजे ताण देतेत!"

आता ज्याच्या घरी संत्रं नाही त्याला हे सांगायला हवं. आमच्याकडे संत्र्याला आपोआप बहार येत नाही, आणावा लागतो. डिसेंबर लागला की बागेचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. मग बरोबर वेळ साधून पाणी सोडायचं, की ते जिवाच्या आकांतानं फुलतं. पाणी बंद ठेवणं याला आम्ही ताण देणं म्हणतो आणि सोडण्याला ताण तोडणं. ताण चालू असताना कुणी तांब्याभर पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं तरी हे त्याला बागेबाहेर काढतात. एकदा मी तिथे धुणं धुतलं होतं, तर आठ दिवस मला त्याच्यावरून बोलत होते.

तर यांनी तिथेच बसकण मारली. काडीनं मातीत झाड काढलं, मुळं काढली, सूर्य काढला. पाटीलही गुडघे टेकून बसले. त्यांनी त्याच मातीत वेल काढली, तिची मुळं काढता काढता हात लांबवून यांच्या झाडाच्या मुळांपर्यंत आणली. लेक भाषांतर करून थकली. मुलगा पाणी आणायला गेला. दोघं म्हातारे एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. मी मनातल्या मनात साक्षगंधाच्या साड्यासुद्धा काढून ठेवल्या.

पण यांच्या डोक्यात एकदा चक्र सुरू झालं की मी साड्या काढून उपयोग नसतो. रात्रीच्या जेवणानंतर खिडकीशी उभे राहिले.

"ताण तं भल्ला देतेत," म्हणाले. "पन तोडतेत कवा?"

"त्यांचं त्यांना कळत नाई काय?"

"काय कळते? घराजवळच्या ओळीची पानं पाह्यली काय तू? लाल होऊन राहिली. जळून राहिली ती. अन् दारातल्या लिंबाच्या कुंडीले रोज झारीनं पानी! एकाच पंगतीत असा भेद?"

कुंडीचं खरं होतं. पाटलीणबाई, म्हणजे मुलाची आई, त्या लिंबाला नातवासारखं जपत होत्या. थंडी आली की त्याला घरात घेतात म्हणे. पण पानं लाल होत होती ती तिकडे पानगळ जवळ आली म्हणून. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणाला विचारलं नाही. वऱ्हाडात पान लाल झालं की आम्ही पाणी देतो, नाहीतर औषध मारतो.

पुढच्या दोन-तीन सकाळी हे उजाडायच्या आत बाहेर जात होते. मला वाटलं, नामस्मरण करत फिरत असतील. मोकळ्या हवेत देव जरा जास्त आठवतो, असंच समजून मी कूस बदलत होते.

मग एका सकाळी पाटलांची आरोळी ऐकू आली. मी तशीच धावले. घराला लागून असलेल्या त्या अख्ख्या ओळीत प्रत्येक वेलीच्या बुडाशी एक सुबक, गोल आळं होतं. फावड्यानं माती ओढून केलेलं, काठ थापटलेला, आमच्या बागेत असतं तसंच. आणि प्रत्येक आळं पाण्यानं काठोकाठ भरलेलं. अंगणातली पाण्याची नळी शेवटच्या वेलीशी पडली होती आणि तिच्याशेजारी हे उभे होते, कुणीतरी शाबासकी देईल अशा चेहऱ्यानं.

द्राक्षतोड आठवड्यावर आलेली. ऐन तोंडावर रोज पहाटे एवढं पाणी पिऊन मणी टराटर फुटले होते आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. त्यातून ही ओळ साधी नव्हती. पाटलांच्या वडिलांनी लावलेली, घरातली सगळ्यात जुनी. तिची वाइन विकत नव्हते. घरच्या लग्नात उघडायला ठेवत होते. यंदाची मुलाच्या लग्नासाठी काढायची होती, म्हणजे लग्नाला ते तयार झाले तर.

पाटील इटालियनमध्ये गरजत होते. दर तिसऱ्या शब्दाला 'आक्वा, आक्वा' येत होतं. हे वऱ्हाडीत उत्तर देत होते.

"ताण देता तं तोडाचा कवा, हे समजाले पाह्यजे! झाड मारता काय? माह्या बागेत असं एक झाड दाखव!"

"आक्वा!"

"हो, पानीच! दारू नाई घातली म्या त्याले!"

लेकीनं भाषांतर करायला साफ नकार दिला. ती दाराच्या पायरीवर बसली आणि रडू लागली. तिचं तोंड एवढंसं झालेलं बघून मला दोघांचाही असा राग आला, की वाटलं त्या नळीनं दोघांनाही भिजवून काढावं. सहा महिने मी जीव मुठीत धरून निरोप पोचवले, ते याच्यासाठी? आणि खरं सांगते, मला भीती वाटली. माझी पोर जन्मभर एकटी राहील, आणि कारण काय, तर बापानं द्राक्षाला पाणी घातलं.

पाटलीणबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग आत गेल्या आणि आंघोळीच्या घंगाळाएवढं एक तांब्याचं भांडं ओढत बाहेर आल्या. नवऱ्याला दोन शब्द बोलल्या. काय बोलल्या ते विचारायची गरज नव्हती. असे दोन शब्द मलाही येतात.

फुटलेली द्राक्षं वाइनला चालत नाहीत, पण शिजवायला चालतात. त्यांच्याकडे द्राक्षाचा रस दिवसभर आटवून एक घट्ट काळा मुरंबा करतात. त्यात नासपती, अंजीर आणि तिकडचे काही दाणे घालतात. लेकीनं डोळे पुसत हे समजावलं. यांनी सगळ्यात आधी विचारलं, "यात नशा असते काय?"

"नाही, बाबा. ताजा रस लगेच चुलीवर."

"लगेच म्हंजे किती लगेच?"

आणि मग हे त्या भांड्याजवळ खुर्ची टाकून बसले. पहाऱ्याला. घड तोडल्यापासून रस चुलीवर चढेपर्यंत यांची नजर हलली नाही. मध्ये कुठे रस आंबायला थांबतो काय, हे बघायचं होतं. थोड्या वेळानं पाटीलही समोर खुर्ची टाकून बसले, कारण वडिलांच्या ओळीचा रस एका पाणी पाजणाऱ्या माणसाच्या भरवशावर सोडायची त्यांची तयारी नव्हती. रस ढवळायला एकच लाकडी उलथनं होतं. एकाचा हात भरला की दुसरा त्याच्या हातातून ते काढून घ्यायचा. संध्याकाळपर्यंत दोघांचेही चेहरे धुरानं काळे झाले होते.

रात्री मी ज्वारीच्या भाकरी थापल्या. यांनी त्या काळ्या मुरंब्याचा एक थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि मग अर्धी वाटी भाकरीसोबत संपवली. पाटलांनी भाकरी, मुरंबा आणि ठेचा असं एकत्र खाल्लं. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. यांनी आपला तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. पाटलांनी तांब्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि बेडकांचं पाणी घटाघटा प्यायले.

पण निघायच्या दिवसापर्यंत यांनी हो म्हटलं नाही. विमानतळावर लेकीनं विचारलंच, "बाबा?"

"पाहू," हे म्हणाले.

यांचं 'पाहू' मला चांगलं माहीत आहे. फ्रिज घ्यायचा तेव्हाही 'पाहू' म्हणाले होते, आणि तो घरात येईपर्यंत सासूबाईंनी तीन उन्हाळे माठावर काढले. लेकीनं मान खाली घातली. पाटलीणबाईंनी ओटीसारख्या दिलेल्या मुरंब्याच्या बरण्या मी सामानात सावरून घातल्या आणि विमानात बसून खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

जानेवारीत पाटील स्वतः आले, मुलाला, पाटलीणबाईंना आणि लेकीला घेऊन. तिकडे मुलीच्या बापाकडे असं चालत जाऊन विचारण्याची रीत आहे की लेकीनं त्यांना ती शिकवली, देव जाणे. गावातल्या घरी न उतरवता यांनी सगळ्यांना थेट बागेतल्या घरी नेलं. बाग ताणावर होती. पानं मलूल, पिवळी, काठ वळलेले. हे अभिमानानं एकेक झाड दाखवत होते. आमच्या हुडहुडीच्या थंडीत पाटील बनियनवर फिरत होते, आणि झाडांकडे बघून त्यांचा चेहरा उतरत चालला होता. लेकीनं त्यांना पुन्हा समजावलं, की हाच तो ताण. ते मान डोलवत होते, पण बोटांनी पानं चाचपत होते. त्यांच्या भागात लिंबू-संत्र्याचं झाड म्हणजे कुंडीतलं लेकरू, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

रात्री जेवताना त्यांनी रीतसर विचारलं. मुलाच्या आईनं हात जोडले. लेक ताटाकडे बघत होती.

"पाहू," हे म्हणाले, आणि भात मागितला.

सकाळी मी चहा ठेवायला उठले, तर बाहेर फावड्याचा आवाज. दार उघडलं. दारासमोरच्या संत्र्याच्या बुडाशी पाटील वाकले होते. माती ओढून त्यांनी एक गोल आळं केलं होतं, काठ अगदी यांच्यासारखा थापटलेला. शेजारी विहिरीवरून आणलेली बादली. ते ओंजळीनं नाही, झारीनं नाही, सरळ बादलीनं पाणी ओतत होते आणि झाडाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते.

मी ओरडणार तोच माझ्या मागून हे बाहेर आले. तोंडात कडुनिंबाची काडी. जागीच थिजले. ताणावरच्या बागेत पाणी! धुण्याच्या पाण्यासाठी आठ दिवस बोलणारा हा माणूस, आता काय करेल?

पाटलांनी वर पाहिलं. चोरी पकडलेल्या माणसासारखे उभे राहिले. मग अर्धी बादली एका मनगटाला तशीच लटकवून त्यांनी हात जोडले आणि येत असलेला एकुलता एक मराठी शब्द वापरला.

"दंडवत."

यांनी काडी थुंकली. चालत गेले, पाटलांच्या हातातली बादली घेतली, तिच्यात डोकावलं. मला वाटलं, आता ही बादली विहिरीत जाते. यांनी उरलेलं पाणी आळ्यात ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बादली उलटी धरून ठेवली. मग घराकडे तोंड करून असे ओरडले, की रिद्धपूरच्या रस्त्यानं जाणारा माणूसही थांबला असेल.

"पोरी! ऊठ! याले सांग, तारीख काढ म्हना! अन् लवकरची काढ! हा आठ दिवस राह्यला तं माहा सारा बहार गेला!"

लेक केस मोकळे, तशीच बाहेर आली. पाटील तिला विचारत होते, काय म्हणतात, काय म्हणतात? तिला भाषांतर करता येईना. तोंड दाबून नुसती हसत होती आणि रडत होती. शेवटी मीच पुढे झाले आणि पाटलीणबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. ते त्यांना कळलं.

फेब्रुवारीत बाग पांढरी झाली. फुलांचा वास गल्लीपर्यंत दरवळत होता असं मी म्हणणार नाही, कारण आमच्या गल्लीचा वास वेगळा आहे. पण एक झाड तसंच राहिलं. दारासमोरचं. त्याला फूल नाही, कळी नाही, नुसती हिरवीगार पालवी. येणारा-जाणारा शेतकरी हमखास थांबतो आणि विचारतो, "भाऊ, याले काहून बहार नाई? रोग लागला काय?"

हे त्या आळ्याचा काठ पायानं नीट करतात आणि म्हणतात, "रोग कायचा? व्याह्याचं झाड हाय ते."